नलूआत्याने वाजवलेला भोंगा

रविवारी दुपारी साडेतीनला रुख्मिणीबाईंनी पदराला हात पुसले आणि लेकीला साफ सांगून टाकलं, "मी नाई बसत तुह्या खेळाले. मले सारं माईत हाये. किल्ली चौकीदाराच्या उशीखाली हाये."

अंकिताने कपाळावर हात मारला. महिनाभर तिने आईला याच दिवसासाठी राखून ठेवलं होतं, आणि आईने येता-जाता पडद्यावर डोकावून सगळं पाहून घेतलं होतं!

सहा महिन्यांपासून अंकिता आर्वीत घरबसल्या चित्रांचे खेळ बनवायला शिकत होती. बंदुकांचे किंवा मोटारींचे नव्हेत. पडद्यावर चित्र असतं, त्यातल्या वस्तू उचलून पिशवीत टाकायच्या, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि कोडी सोडवत गोष्टीच्या शेवटाला पोचायचं, असले. हिंगणघाटची एक बंद जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, पाहून तिने चित्रं काढली होती. जिनिंगचा मुका झालेला भोंगा पुन्हा वाजवायचा, हा खेळ. त्यासाठी चौकीदाराच्या खोलीत शिरून, तो झोपलेला असताना उशीखालची किल्ली काढायची, मग कोनाड्यातली तेलाची बाटली, मग यंत्रघर.

शिकवणाऱ्या गुंजन मॅडमना खेळ बरा वाटला होता. तक्रार एकच. "चौकीदार फार बोलतो. संवाद कापा." चौथ्या धड्याचा गृहपाठ म्हणून अंकिताने त्या चौकीदाराला एक्केचाळीस वाक्यं दिली होती. नीट बोललं की त्याने खूश होऊन आपल्याजवळची पहिली वस्तू द्यायची, असा तो गृहपाठ. तेव्हा त्याच्याजवळ नुसती सुपारी होती. पुढे सुपारी गेली, किल्ली आली, संवाद मात्र कापायचा राहून गेला.

आता शेवटची परीक्षा होती. हा खेळ आधी न पाहिलेल्या आणि आयुष्यात असला खेळ न खेळलेल्या एका माणसाने तासाभरात तो पूर्ण करायचा, आणि त्याचं चित्रीकरण पाच वाजायच्या आत पाठवायचं. खेळ बनवणाऱ्याने शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. पास झालं तर नागपूरच्या कंपनीत तीन महिने काम शिकायला मिळणार. नापास झालं तर सोमवारी सकाळी दहाला पतसंस्थेची खुर्ची. ती खुर्ची वडिलांनी, अण्णाजींनी, ओळखीने धरून ठेवली होती आणि पोरीला एकच रविवार दिला होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन अण्णाजींची थोरली बहीण, तळेगावची नलूआत्या, दारात उभी!

"आत्या, तू कधी मोबाईलवर खेळ खेळली का?"

"मले का कामं नाई?"

अंकिताने आत्याला हाताला धरून थेट लॅपटॉपपुढे बसवलं आणि कॅमेरा सुरू केला.

"पाचच्या गाडीनं जायचं हाये मले," आत्या म्हणाली.

"तासाभराचंच काम हाये, आत्या. त्या भोंग्यापर्यंत जायचं. यानंतर मी काई बोलणार नाई." पावणेचारला अंकिताच्या तोंडाला कुलूप लागलं.

पडद्यावर जिनिंगचं फाटक आलं. फाटकापाशी गोष्टीतली मुलगी उभी. आत्याही उभ्यासारखीच बसून राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"बाई, आत जा न," अण्णाजी सुपारी कातरत म्हणाले.

"कोनी या म्हटलं नाई अजून."

"कोनी म्हणत नसते त्याच्यात. तसंच जायचं असते."

"तू जात असशीन. मी नाई जात." मग लॅपटॉपच्या तोंडाशी तोंड नेऊन आत्याने हाक दिली, "कोनी हाये का घरात?"

घरात कोणी नव्हतंच, कारण अंकिताने कोणाला काढलं नव्हतं. शेवटी चष्मा सावरताना आत्याचं बोट चुकून फाटकावर पडलं आणि मुलगी आत गेली. अंकिताने सुटकेचा श्वास सोडला, पण तो कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून अर्ध्यावरच आवरला.

चौकीदाराच्या खोलीच्या उंबऱ्यावर आत्या पुन्हा अडली. "हिच्या पायातल्या चपला कुठं काढायच्या?"

त्या चपला अंकिताने दोन दिवस खपून काढल्या होत्या, बक्कलासकट. पण त्या पायातून निघायची सोय केलेली नव्हती. आत्याने मुलीला तीनदा बाहेर नेलं, तीनदा आत आणलं, पायपुसण्यावर उभं केलं. चपला निघेनात.

"घरात चपला घालून? कोनं वाढवलं हिले?"

रुख्मिणीबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं.

सव्वाचार वाजले. मुलगी चपलांसकट आत गेली, आणि तिच्या वतीने आत्याने पडद्यापुढे हात जोडले. बाजेवर चौकीदार घोरत होता. उशीखालून किल्लीचं टोक दिसत होतं. ते शेंबड्या पोरालाही दिसावं म्हणून अंकिताने पिवळंधमक रंगवलं होतं.

"ते पाह्य किल्ली," अण्णाजींना राहवेना. आतापर्यंत ते खेळाकडे ढुंकून पाहत नव्हते, आता खुर्ची ओढून बसले. "उचल, बाई!"

"झोपेल माणसाच्या उशाखालून? मी का चोरटी हाये?"

"खेळ हाये न वं तो!"

"खेळात चोरी चालते का? लहानपणी जाधवाच्या वाडीतले पेरू तूच आणे, आन मार मी खाल्ला. तवा बी तू असंच म्हणे, खेळ हाये म्हणून."

अण्णाजी पुन्हा सुपारी कातरू लागले. अंकिताच्या डोळ्यांपुढे पतसंस्था उभी राहिली: टेबल, शिक्का आणि स्टँपपॅड. रडू येत होतं, पण भुवई उडवायची नाही म्हटल्यावर रडायचं तरी कसं?

आत्याने किल्ली सोडून चौकीदारावरच बोट ठेवलं. तो उठून बसला. खाली दोन वाक्यं आली: 'काका, झोपमोड केली, माफ करा' आणि 'ए, किल्ली दे'. आत्याने अर्थातच पहिलं निवडलं.

"गाव कोणतं तुमचं?" चौकीदाराने विचारलं.

"आता कसा माणसासारखा बोलला!" आत्या सावरून बसली.

गाव झालं, मामाकुळ झालं, पाऊसपाणी झालं. चौकीदाराच्या गुडघ्याचं निघालं. आत्याने पडद्याला एरंडेलाचा शेक सांगितला. बायको वारल्याचं निघालं, आत्या हळहळली. मग पोरीचं लग्न जमत नसल्याचं निघालं, तेव्हा आत्याने चष्मा काढून पुसला. अंकिता चकित होऊन ऐकत होती. ही सगळी वाक्यं लहानपणापासून तिने ऐकली होती ती आत्याच्याच तोंडून! गृहपाठाच्या घाईत दुसरं काही सुचलं नव्हतं म्हणून तीच चौकीदाराच्या तोंडी घातली होती.

एक्केचाळिसावं वाक्य संपलं. चौकीदार खूश झाला, आणि गृहपाठात शिकवल्याप्रमाणे आपल्याजवळची पहिली वस्तू काढून त्याने मुलीच्या हातावर ठेवली. किल्ली!

अण्णाजींच्या हातून सुपारी पडली. अंकिताची भुवई उडालीच. बनवणारीलाच ठाऊक नसलेली वाट आत्याने शोधली होती.

"पाह्यलं?" आत्या म्हणाली. "मांगतलं बी नाई, तं देल्ली."

कोनाड्यातलं तेल न्या, असंही तो आपणहून बोलला होता, म्हणून आत्याने ते निःसंकोच घेतलं. यंत्रघर उघडलं, चाक फिरलं, दांडा ओढला, आणि चार वाजून बेचाळीस मिनिटांनी भोंगा असा वाजला की रुख्मिणीबाईंच्या हातातली शेंगांची चाळणी उडाली.

"पाच वाजले काय वं!" म्हणत आत्याने पिशवी उचलली आणि चहाही न घेता बस स्टँडची वाट धरली.

अंकिताने पाचच्या आत चित्रीकरण पाठवलं, आणि दिवेलागणीला ईमेलवर मॅडमचं पत्र आलं. "पास. उडालेली भुवई माफ. संवाद कापू नका. चोरी कापा. चपला काढायची सोय करा. चोरीवाचून सुटणारं कोडं हे या वर्गातलं सर्वांत चांगलं कोडं आहे. हे मुद्दाम केलंत ना?"

अंकिताने जरा विचार केला आणि "हो" लिहून पाठवलं. अण्णाजींनी पतसंस्थेतल्या ओळखीच्या माणसाला घरी फोन केला, आणि पोरगी येणार नाही हे सांगताना भोंग्याचंही दहा मिनिटं सांगितलं.

फोन ठेवतात तोच आत्याचा आला. "अंकिता, त्या चौकीदाराच्या पोरीसाठी एक पोरगा हाये इकडं. निर्व्यसनी हाये. त्याले निरोप देजो."

"आत्या, तो खरा माणूस नाई. मीच काढला त्याले."

"तूच काढला न? मंग तुह्या शब्दाबाहेर कसा जाईन तो? इचारून पाह्य."

अंकिताने लॅपटॉप जवळ ओढून चौकीदाराचं बेचाळिसावं वाक्य लिहायला घेतलं.

"पोरगा करते काय, आत्या?"