आपत्ती आराखड्याचा फगवा

गावाचा आपत्ती आराखडा अद्ययावत करायला अक्कल लागत नाही, हे मी ग्रामसेवक छातीठोकपणे सांगतो. लागत असती तर ते काम अमरावतीच्या आमच्या ललितसाहेबांकडे असतं का? मेळघाटातल्या आमच्या कोरकू गावाचा जुना आराखडा उघडला, तर आपत्ती समितीचे अध्यक्ष कधीच वारलेले! बचावपथकाचा नंबर लावला, तर परतवाड्याच्या सलूनवाल्याने उचलला. "कटिंग का दाढी?"

साहेब म्हणाले, "मार्चएन्डच्या आत आराखडा नवा करा, वणव्याचा सराव घ्या, फोटो जोडा. तुमची अकोल्याची बदली पक्की!"

बदली! माझी बायको भावना अकोल्याला, जुन्या शहरात एकटी. "यंदा बदली नाही झाली ना, तं घरी येऊच नका!" तिने बजावलंच होतं.

भोंगा घेऊन गाव गाठलं. जोरात वाजवला. एका घरातून कोंबडी बाहेर आली, तिच्यामागून म्हातारे बुधाजी.

"काय झालं, साहेब?"

"वणवा लागला! म्हणजे, लागला असं समजायचं. सगळ्यांले बोलवा, पळायचं आहे!"

"सारे फगव्याले गेले. होळी झाली ना परवा."

"मंग आता वाचवू कोणाले?"

"मी आहो ना. पण थांबा जरासे, चाय पिऊन राहिलो."

होळी झाली की अख्खं कोरकू गाव येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागायला रस्त्यावर उतरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आराखडा करणाऱ्यांना तेवढं नसतं!

चरफडत परत निघालो, तर घाटाच्या वळणावर ढोल वाजवत बायांनी जीप अडवली. मागे सगळं गाव नाचत होतं! "फगवा दे, साहेब!" मी मुकाट्याने फगवा दिला. अन् एकदम डोकं चाललं! धडाधड फोटो काढले आणि खाली लिहिलं, 'गाव पूर्ण रिकामे. ग्रामस्थ सुखरूप.' एक अक्षर खोटं नाही!

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन.

"अहो, कमाल केली तुमी! वणवा लागला अन् लोकं नाचत घरं सोडून राहिले! ढोलासकट! वरचे लई खूश आहेत."

या माणसाने अमरावतीत बसून अख्ख्या मेळघाटाला वाचवायचं!

"सर, मंग माझी बदली?"

"कायची बदली? आता साऱ्या गावांचे सराव तुमीच घ्यायचे. तुमी गेले तं तीच मोठी आपत्ती!"

मी लगेच भावनाला फोन लावला. संकटाची पूर्वसूचना वेळेत द्यावी, एवढं एक वाक्य त्या आराखड्यात खरोखर कामाचं आहे.