‘ठाऊक न्हाई’ म्हणणारे हकीमचाचा

हिंगोलीजवळच्या गोरेगावात आमच्या शेजारी हकीमचाचा राहत. हकिमाचं काम रोग ओळखण्याचं. हे गृहस्थ मात्र नाडी धरून निम्म्या रोग्यांना सांगत, "मला ठाऊक न्हाई." वर असे हसत, जसं काही बक्षीस मिळालंय.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी तेव्हा विशीतली, चौथी शिकलेली. मला त्यांचा भारी राग यायचा. माणूस पोट धरून आलाय, आणि हे विचारणार, "दुखनं पोटात हाय का डोक्यात? तुमाला कसं कळलं?" एकदा पाटलांनी वैतागून चप्पल उचलली. चाचा शांतपणे म्हणाले, "पाटील, राग म्हंजे काय?"

हे खूळ त्यांच्या विद्येतूनच आलं होतं. विद्या युनानी. त्या युनान देशात म्हणे एक म्हातारा होता. भर बाजारात मोठमोठ्यांना अडवून तो विचारी, शहाणपण म्हणजे काय? कुणालाच सांगता येईना. आपल्याला काही ठाऊक नाही, एवढं त्याला एकट्याला ठाऊक होतं, म्हणून तोच शहाणा. शेवटी लोकांनी त्याला विष पाजलं.

"बरं केलं," मी म्हणाले.

चाचा उठून गेले, ते दोन दिवस आमच्या दारात फिरकले नाहीत.

बाजारच्या दिवशी हिंगोलीच्या मिशन दवाखान्याचे पादरीबाबा गाडीतून पुस्तकं विकायला येत. मग लिंबाखाली दोघांची जुंपायची. पादरीबाबा म्हणत, शहाणपण बाजारात विचारून सापडत नाही. ते जग व्हायच्या आधीपासून देवापाशी होतं, आणि तेच पुढे आमचा तारणहार म्हणून माणसाच्या रूपात आलं. पण तेच कबूलही करत, की त्यांच्या धर्मातल्या काही जुन्या जाणत्यांच्या मते त्या शहाणपणाचं थोडं बियाणं युनानातही पडलं होतं.

"मंग आमच्या म्हाताऱ्याला वाटा द्या की!" चाचा ओरडत.

पादरीबाबांच्या पोथीत शहाणपण ही बाई आहे. चौकात उभी राहून ती लोकांना हाका मारते. हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

"आमी चौकात उभं राहून हाका मारल्या तर सासू केरसुणीनं झोडपंल. आन् तुमी दोघं बाप्ये हितं बसून तिच्यावर भांडून राहिले! तिला कुनी इचारलं का?"

पादरीबाबा पुस्तकं आवरू लागले. चाचा खूश. "सवाल बराबर हाय."

त्याच साली माझ्या तीन वर्षांच्या पोरीचा गळा सुजला. श्वास घरघरू लागला. चाचांनी चमच्याने जीभ दाबून पाहिलं.

"बेटी, ह्याचा इलाज मला ठाऊक न्हाई. पादरीबाबाच्या दवाखान्यात सुईचं औषद हाय म्हनतेत. हिंगोलीला चल."

मी तोंडाला येईल ते बोलले. "ठाऊक न्हाई तर दारावर पाटी काहून लावली? लेकरू मरून राहिलं आन् तुमचं खूळ जात न्हाई!"

ते ऐकून घेत बैल जुंपत होते. गाडी त्यांनीच हाकली, वाटेत कुठे थांबली नाही. ज्या पादऱ्याला हरवल्याच्या बढाया दर आठवड्याला मारत, त्याच्या दारात ते हात जोडून उभे राहिले. एकही प्रश्न विचारला नाही.

पोरगी वाचली.

चाचीला सांगायला गेले, तर ती चूल फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या लेकीचा गळा असाच सुजला व्हता. तवा ह्यांनी दुसऱ्या कुनाकडं नेऊ दिलं न्हाई. म्हनले, मला समदं कळतं."

सहा वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते. त्यांना लेक होती, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले आणि पोरीचं मनगट धरून बसले. नाडी बघायला इतका वेळ लागत नाही, हे मलाही कळत होतं. पोरगी झोपली. दारातलं ऊन भिंतीवर चढलं. हात तिथंच. मी त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि भाकरी थापायला आत गेले.