कमलाकरने पाठवलेला स्टिकर

रियाधमध्ये ओलाया भागातल्या एका टॉवरात, एकोणिसाव्या मजल्यावर बसून कमलाकर मोठमोठ्या कंपन्यांना सल्ले द्यायचा. नववीतली एक मुलगी वळणावर आणणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ! निदान त्याचं तसं मत होतं.

पालकसभेत समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, मुलं फोनवर एकमेकांची फार टर उडवतात. काही पाठवण्याआधी डोळे मिटून दहा श्वास घ्यायला शिकवा. झालं! गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवार-शनिवारची सुट्टी लागताच, त्याने घरातले सगळे फोन कणकेच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि बायकोला नि लेकीला गालिच्यावर बसवलं.

"बाबा, प्लीज! इट्स सो एम्बॅरसिंग!" रुचा म्हणाली.

"श्वास आत!"

"माझी भाजी करपतेय," विद्या म्हणाली.

"करपू दे. श्वास बाहेर!"

चौथ्या श्वासाला डबा खणखणला. फोन रुचाचा होता, पण घरात नियम मोडायचा मान एकट्या कमलाकरलाच होता. शिवाय पासवर्ड बाबांना ठाऊक हवा, ही फोन देतानाचीच अट होती. वर्गाच्या ग्रुपवर एक स्टिकर आला होता. गणवेशातली मुलगी, डोळे मिटलेले, मान इतकी मागे की चेहरा ओळखू येईना, तोंड किंचित उघडं. कमलाकर भारावलाच. तल्लीन व्हावं तर असं!

स्टिकर शाळेनेच केला असणार, हे त्याने स्वतःच ठरवलं. "बाबा, नको!" म्हणत रुचा झेपावली, तोवर त्याने स्टिकर आपल्या फोनवर घेऊन पालकांच्या ग्रुपवर टाकलाही होता. खाली हिंदीत ओळ होती, 'ऐसी एकाग्रता हमारे सब बच्चों को मिले!'

मिनिटभरात चाळीस पालकांनी हात जोडले. कुणी फुलं वाहिली. हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी तर 'माशाअल्लाह' लिहिलं.

"बघ, लोकांना किंमत आहे!" कमलाकर म्हणाला. रुचा पांढरीफटक पडली होती.

तेवढ्यात सिराजुद्दीनचा फोन आला. मूळचा दापोलीचा, बाथ्याच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान. त्याची उमामा आणि रुचा पहिलीपासून एका बाकावर बसायच्या.

"कमलाकरभाय, ती माझी उमामा हाय," तो हळूच म्हणाला. "शिंकताना कुनी फोटो काडला तिचा. सोमवारपासून पोरगी शाळंत गेली नाय, नीट जेवत नाय. आनि आता तुमीपन?"

कमलाकरला एसीत घाम फुटला. "अहो, मला वाटलं, ध्यान..." फोन ठेवून तो गरजला, "कुणी केला हा स्टिकर?"

"मी," रुचा हुंदके देत म्हणाली. "मॉनिटर तिला केलं, मला नाही. म्हणून. मग सगळेच पाठवायला लागले, मला थांबवताच येईना."

कमलाकरने ओरडण्यासाठी तोंड उघडलं.

"श्वास आत," विद्या म्हणाली.

अर्ध्या तासात तिघंही सिराजुद्दीनच्या दारात होती. त्याच्या बायकोने, शरीफाभाभींनी चहा ठेवला, पण उमामा खोलीचं दार उघडेना. रुचा दाराशीच जमिनीवर बसली. "मी ग्रुपवर लिहिलंय, स्टिकर मी केला म्हणून. सगळ्यांच्या फोनमधून तो पुसता येत नाही गं. आय अ‍ॅम सो सॉरी." चहा निवून गेला. मग कडी वाजली.

रडून डोळे सुजलेली उमामा बाहेर आली आणि थेट कमलाकरसमोर उभी राहिली. "अंकल, तुम्हाला खरंच ते ध्यान वाटलं?"

"अगदी खरंच! तुझी शपथ!"

"सगळे हसले. तुम्ही एकट्यांनीच कौतुक केलंत."

कमलाकरला भरून आलं. आयुष्यभर एवढी हुशारी केली, आणि कुणाच्या उपयोगी पडला तो शुद्ध मूर्खपणा!

"मग शिकवा ना ध्यान आम्हाला," उमामा म्हणाली. तो लगेच गादीवर मांडी घालून बसला, डोळे मिटले आणि श्वास आत घेतला.

परतताना गाडीत त्याने विचारलं, "काय ठरलं?"

"रविवारी येतेय ती शाळेत," रुचा म्हणाली. "मॉनिटर तीच राहणार म्हणाली. आणि बाकावर मला जागा द्यायची की नाही, ते बघते म्हणाली."

"बघ! दहा श्वासांचा परिणाम!"

"बाबा, तुम्ही तिसऱ्या श्वासालाच घोरायला लागलात. उमामाने तुमचा फोटो काढला. इतकं हसलो आम्ही! मग तिने स्वतःच डिलीट केला."

कमलाकर सिग्नलला थांबला. त्याने हळूच विचारलं,

"डिलीट कशाला केला? चांगला आला नव्हता का?"