राऊतभाऊंचा पैलवान

हरल्यावर चेहरा खुलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये माझ्या भिंतीपलीकडे राहणारे राऊतभाऊ. दिवसा स्टेशनातल्या तिकीट खिडकीवर बसायचे आणि संध्याकाळी टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमसमोर. वय पंचेचाळिशीचं, डोक्यावर टक्कल, अंगात बनियन, हातात रिमोट. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत गावातली पोरं या गेमपायी शाळा बुडवत होती. सरकारी नोकर मात्र नादी लागलेला हा एकच.

गेम मारामारीचा. निवडायला एकाहून एक लढवय्ये, कोणी हवेत उडणारा, कोणी हातातून आग फेकणारा. राऊतभाऊंनी निवडला कोण, तर पोट सुटलेला, मिशीवाला पैलवान. "आपला माणूस आहे," म्हणायचे. दोघांच्या दिसण्यात साम्य होतं हे खरं, पण तसं तोंडावर सांगायची सोय नव्हती.

लढायचे ते फक्त मशीनशी. दुसरा रिमोट स्टुलावर, धुतलेल्या रुमालाखाली झाकलेला. कोणी "काका, एक डाव?" म्हणत आलं की यांचं ठरलेलं उत्तर, "खिडकी बंद!" समोर रांग उभी असताना स्टेशनात म्हणायचे, अगदी त्याच सुरात. मी एकदा म्हटलं, "अहो भाऊ, समोर माणूस नको का?"

"माणसाचीच तर तयारी चाललीय," ते म्हणाले. डहाणूत कुठली स्पर्धा भरणार होती देव जाणे.

आणि तयारी तरी काय थाटाची! पैलवान धडाधड मारत सुटायचा. समोरच्याच्या ताकदीची पट्टी नखाएवढी उरायची, आता एक बुक्की की खेळ खलास, आणि नेमका तेव्हाच भाऊंचा अंगठा घसरायचा. पैलवान आडवा. रोज. मग "अरेरे!" ओरडून कपाळावर हात मारायचे आणि स्वतःशीच हसायचे. "आजचं अरेरे जरा जास्त झालं," असं पुटपुटतानाही मी त्यांना ऐकलंय. वर्षभर तालीम करून रोज शेवटच्या बुक्कीला माती खाणारा पैलवान अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल. मी पार्सल ऑफिसात त्यांची नक्कल करून दाखवायचो, लोक खूश होऊन चहा पाजायचे.

मे महिन्यात त्यांचा मुलगा आला. बायको त्याला घेऊन नवसारीला माहेरी राहायला गेली त्यालाही बरीच वर्षं झाली होती. पोरगा सुट्टीत दोन दिवस बापाकडे यायचा. भाऊंनी पापलेट आणलं, चिकू आणले, टीव्ही पुसला आणि रुमाल काढून दुसरा रिमोट त्याच्या हातात दिला. मी मजा बघायला म्हणून साखर मागायच्या निमित्ताने गेलो होतो. पोराला आता मिसरूड फुटलं होतं. त्याने रिमोट परत स्टुलावर ठेवला.

"पप्पा, हजी आ ज रमो छो? अजून हेच खेळता?" म्हणाला, आणि चपला घालून समुद्रावर निघून गेला.

"उन्हात फार फिरू नको रे," भाऊ दाराकडे बघत म्हणाले. मग मला विचारलं, "साखर किती देऊ?"

दुसऱ्या दिवशी पोराला गाडीत बसवून ते परतले. दार उघडंच होतं. टीव्हीवर पैलवान ताटकळत उभा, आणि भाऊ रिमोट हातात घेऊन नुसतेच बसलेले. मला ते बघवेना. मी आत जाऊन दुसरा रिमोट उचलला. "खिडकी बंद" ऐकायची मनाची तयारी केली होती, पण त्यांनी सरकून जागा दिली.

कुठलं बटण कशाचं हेही मला माहीत नव्हतं. तरी कुस्ती अशी रंगली म्हणता! माझी पट्टी नखाएवढी, त्यांचीही तेवढीच. मी डोळे मिटून हाताला लागेल ते बटण दाबलं आणि पैलवान आडवा झाला. "अरेरे!" भाऊंनी कपाळावर हात मारला. मी उभा राहून ओरडलो, "जिंकलो!"

"गेल्या वर्षी पोराने ओळखलं होतं, मी मुद्दाम हरलो ते," भाऊ टीव्हीकडे बघत म्हणाले. "मला लहान समजता, म्हणून रुसून बसला. तुम्हाला आत्ता आलं का ओळखू?"

मी खाली बसलो. "नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही, भाऊ."

त्यांनी माझ्या हातातला रिमोट घेतला, स्टुलावर ठेवला आणि वर रुमाल घातला.

"मग जमलं होतं मला," ते म्हणाले.