शमुवेलमामांची राखीव जागा

दर रविवारी उपासना संपली की आम्ही सगळे घरी जेवायला जातो आणि शमुवेलमामा दफनभूमीत जाऊन स्वतःच्या कबरीत झोपतात. म्हणजे कबर अजून खणलेली नाही, पण जागा ठरलेली आहे, रूथमामींच्या शेजारची. तिथे ते पूर्वेला पाय करून उताणे पडतात, कारण प्रभू पूर्वेकडून येणार. तोंडावर रुमाल, उजवा हात लांब पसरलेला. चांगली पाच मिनिटं.

एकदा हातकणंगल्याहून काही माणसं त्यांच्या आजोबांच्या कबरीवर फुलं ठेवायला आली होती. त्यांची चाहूल लागली तसे मामा उठून बसले. माणसं फुलं टाकून फाटकाकडे पळत सुटली. मामा मागून ओरडतायत, "ओ पावणं, पळताय कशाला? अजून कर्णा वाजला न्हाय!"

शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील, हा आम्हा सगळ्या ख्रिस्ती लोकांचा विश्वास. पण आम्ही तो रविवारपुरता ठेवतो. मामा त्याची तयारी करतात. दफनभूमीतले सराटे एकटेच उपटत बसतात. "समदी अनवाणी उठणार हायती. पायात काटा मोडला तर प्रभूसमोर तोंडातनं पयला शब्द काय निघंल?"

तीस वर्षं ते मुरगूड गाडीवर कंडक्टर होते. "माज्या गाडीत झोपल्यालं मानूस कदी फुडच्या स्टॉपला गेलं न्हाय," असं छाती काढून सांगतात, आणि ते खरं आहे. कॉलेजात असताना मला त्यांनी कितीदा तरी दंडाला धरून उतरवलंय.

गेल्या महिन्यात आमच्या कमिटीने ठराव केला. जागा कमी पडतेय, यापुढे दफन ओळीने, राखीव जागा बंद. सेक्रेटरी मी, त्यामुळे मामांना सांगायची पाळी माझ्यावरच आली.

रविवारी ते पडलेले असतानाच सांगितलं. मामांनी तोंडावरचा रुमाल काढला. "नियम हाय तर हाय," म्हणाले. मग मामींच्या कबरीकडे मान वळवली. "पर हिला ऐकू येत न्हवतं, तुला ठावं हाय. चाळीस वर्सं हलवूनच उठवली. कर्णा कसा ऐकंल ती?"

"मामा, त्या दिवशी बहिऱ्यांचे कान उघडतील."

"उघडतील की! पर उठल्यावर. आदी उठवायचं कुणी?"

नंतर मी हेच पाळकसाहेबांना विचारलं, तर ते चष्मा पुसत बसले.

"हितं तुजा नंबर लागला तर तू उठीव," मामा म्हणाले. "डाव्या खांद्याला हात लाव. उजवीकडनं लावलास तर दचकत्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये जन्मात पहिल्यांदा टेबलावर हात आपटला आणि ठरावाला एक अपवाद जोडून घेतला.

रविवारी मामांना सांगितलं. आभार वगैरे त्यांनी मानले नाहीत. नेहमीसारखे पूर्वेला पाय करून पडले आणि उजवा हात मामींच्या कबरीकडे नेला. बोटं मातीवर, बरोबर खांद्याच्या जागी टेकली.

"पोचतोय," म्हणाले, आणि रुमाल तोंडावर ओढून घेतला.