गोळ्या उरल्यात का?

आमच्या बोरगावात कुणी गेलं की रडणाऱ्या बायकांच्या पाठोपाठ दत्तू आप्पा दारात उभे राहतात. हातात पत्र्याचा डबा. हात जोडतात आणि मयताच्या पोराला पहिलाच प्रश्न विचारतात, "गोळ्या उरल्यात का?"

एका घरच्या सुनेनं अंगावर झाडू उगारला. आप्पा हलले नाहीत. "मार गं बाई. पर आधी गोळ्या दे."

याला कारण आमची रीत. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाच्या वेळी मेलेल्याचं अंथरूण, कपडे आणि उशाची औषधांची पिशवीसुद्धा दूधगंगेत सोडतात. मयताचं काही घरात नको म्हणे. नदीत चालतं!

आप्पा जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. नदीत पाय घालत नाहीत. घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून काळ्या गाळाकडे बघत राहतात. कुणी मोठ्यानं बोललं की दटावणार, "हळू. खाली शाळा भरलीया."

मी हसले होते. मग त्यांनी समजावलं आणि भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"पाण्यात औषध मिसळलं की कच्चे जंतू मरत्यात. ज्यास्नी औषधाची तोड ठावं हाय ते जगत्यात. आन् ती तोड शेजाऱ्याला बी देत्यात, जातीबाहेर सुदीक. माणसागत न्हाईत ते! जंतू मेला तरी त्याची विद्या मरत न्हाय. गाळाला चिकटून ऱ्हाती. नवा येतो, उचलतो, शाणा हुतो. मेलेला मास्तर शिकवतोय बघ."

तेव्हापासून घाटावर मीही हळू बोलते. तो गाळ ऐकतोय असं वाटतं.

पण मी नदी वाचवा म्हणत गावोगाव पत्रकं वाटणारी. एकदा भडकलेच. "आप्पा, दवाखान्यांची गटारं सरळ नदीत येतात. कोंबड्यांच्या शेडचं पाणी येतं. ते सोडून तुम्ही गोळ्यांच्या चार पट्ट्या काय गोळा करता?"

"गटाराशी तू भांड. तुझा आवाज मोठा हाय. मयत मी बघतो."

गेल्या महिन्यात निपाणीच्या एका दवाखान्यानं अशी उरलेली औषधं नीट जाळायला पाठवायचं कबूल केलं. मी आप्पांकडचे डबे न्यायला गेले. सगळे दिले त्यांनी. "घरात आता काय न्हाय."

खिडकीत आप्पांच्या गेलेल्या बायकोच्या, शांताकाकूंच्या चष्म्याचा डबा उघडा होता. आत गोळ्यांची एक पट्टी, अर्धी वापरलेली.

"आप्पा, ही?"

"ती ऱ्हाऊ दे."

"लोकांच्या दारात झाडू खाता, आणि स्वतःच्या घरात हे?" मी बोलून गेले.

आप्पांनी पट्टी हातात घेतली. रिकाम्या खळग्यांवरून अंगठा फिरवला. काकूंना लघवीचा साधा जंतुसंसर्ग झाला होता. बेळगावात औषधावर औषध बदललं, एकही लागू पडलं नाही. ही शेवटची पट्टी.

"रोज एक घ्यायची हुती," आप्पा म्हणाले. "ह्या उरल्यात ते तिचं दिवस हाईत. ते कसं जाळू गं?"

मी डब्यांची झाकणं लावली.

आप्पा मला सोडायला दारापर्यंत आले. "पोरगं पुण्याला असतंय. मी गेलो की यील, रीतीनं समदं नदीला सोडून मोकळा हुईल. तवा तू ये. तिसऱ्या दिवसाची वाट बघू नको, रडत बसू नको. आल्या आल्या विचार."

मी मान हलवली.

"मान नको हलवू. म्हणून दाखव."

चौकात, कचेरीसमोर, कुठंही ओरडणारी मी. मला ते तीन शब्द म्हणता आले नाहीत.