हात वर

जयप्रकाशरावांच्या गाडीचं छत खाली आलं ते थेट त्यांच्या टकलावर. म्हणजे पत्रा जागच्या जागी होता. आतून लावलेलं राखाडी कापड तेवढं सुटलं होतं. पंधरा वर्षं कोपरखैरण्याचं ऊन खाऊन त्यामागच्या स्पंजाचा भुगा झाला आणि कापड मांडवासारखं लोंबू लागलं. आरशात मागची वाहनं दिसेनात. त्यांनी टाचण्या लावून पाहिल्या. रस्त्यातल्या गतिरोधकांनी त्या एकेक करून उतरवल्या, आणि शेवटची कुठे पडली ते त्यांना सीटवर बसल्यावर कळलं.

पावणे गावातल्या सीटकव्हरवाल्याने आत डोकावून सांगितलं, "काका, सगळं खोलावं लागेल. दोन दिवस गाडी ठेवून जा."

गाडी ठेवून जा! जयप्रकाशराव तिथूनच मागे फिरले. मेकॅनिकने चाचणीपुरती चक्कर मारायची म्हटली तरी ते शेजारच्या सीटवर जाऊन बसत. गाडी काय, कुणाच्याही हातात द्यायची वस्तू आहे?

"मी घरीच करतो," त्यांनी सुचित्राबाईंना सांगितलं. "व्हिडिओ बघितलाय. कापड सोडवायचं, भुगा खरवडायचा, सोल्युशन लावायचं, चिकटवायचं. संपलं."

"बघा हं," सुचित्राबाई म्हणाल्या. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर या दोन शब्दांत बरंच काही मावतं.

रविवारी सकाळी पार्किंगमधल्या अंधारात नीट दिसेना, म्हणून त्यांनी गाडी बाहेर, सोसायटीच्या गेटसमोर उजेडात आणली. मागच्या सीटवर चढून छताचं कापड सोडवलं आणि भुगा खरवडला. तो इतका उडाला, की ते भंडारा उधळून घेतल्यासारखे पिवळे झाले. मग ब्रशने कापडाला आणि छताला सोल्युशन फासलं. व्हिडिओतल्या माणसाने दोन्हीकडचं सोल्युशन आधी वाळू द्या असं बजावलं होतं. पण वाळू देण्याइतका धीर जयप्रकाशरावांनी आयुष्यात कशासाठीच धरला नव्हता. त्यांनी ओलंच कापड वर दाबलं. हात काढला की ते खाली येई. शेवटी ते सीटवर गुडघे टेकून, दोन्ही तळवे आणि टाळू छताला लावून स्थिर राहिले. आता हललं, तर चिकट कापड डोक्यावर पदरासारखं बसणार होतं.

नेमका तेव्हाच बाहेरून हॉर्न वाजला.

"साहेब!" वॉचमन मारोती धावत आला. "टँकर आलाय बगा पान्याचा. गाडी काढा लवकर."

"दहा मिनिटं थांबायला सांग."

"न्हाई थांबत म्हनतोय. पुढच्या सोसायटीत जातो म्हनतोय. टाकीत थेंब न्हाई साहेब, वरून बायका वरडायल्यात."

"मग तू काढ गाडी."

असं वाक्य जयप्रकाशरावांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं, पण ते वाया गेलं. "मला सायकल येती," मारोती म्हणाला.

आरडाओरडा ऐकून सुचित्राबाई खाली आल्या. त्यांनी टँकर पाहिला, मारोतीला पाहिलं, मग काचेतून पिवळ्या नवऱ्याला पाहिलं. त्या पुन्हा वर गेल्या आणि पर्स घेऊन आल्या. ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्यांनी सीट पुढे ओढली.

"अगं, काय करतेस?"

"गाडी काढते."

"तुला येत नाही!"

"लायसन्स आहे माझं." आणि गाडी सुरू झाली.

लायसन्स होतं खरं. मुलगी क्षिप्रा शाळेत असताना सुचित्राबाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकल्या होत्या. लायसन्स मिळालं त्या दिवशी त्यांनी पेढे आणले होते. जयप्रकाशराव पेढा खात म्हणाले होते, "छान! बघू एखाद दिवशी, मोकळा रस्ता मिळाला की." आणि त्यानंतर नवी मुंबईतला एकही रस्ता त्यांना पुरेसा मोकळा वाटला नव्हता.

गेटबाहेर टँकरने निम्मी गल्ली अडवली होती. मागे वळायला जागा नव्हती. सुचित्राबाई सरळ पुढे निघाल्या.

"क्लच! क्लच दाब! डावीकडे रिक्षा आहे!"

"दिसतेय. तुम्ही छत सांभाळा."

मुख्य रस्त्यावरच्या सिग्नलला गाडी थांबली. ट्रॅफिक पोलीस असलेली एक तरुण मुलगी रस्ता ओलांडताना सहज आत बघून थबकली. मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसलेला, पिवळ्या तोंडाचा, दोन्ही हात वर केलेला गृहस्थ. तिने काचेवर टकटक केली.

"मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही हो. मिस्टर आहेत माझे."

"हात वर का केलेत त्यांनी?"

"सोल्युशन सुकतंय," जयप्रकाशराव छताकडे बघत म्हणाले. मान वळवायची सोय नव्हती.

तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. "लायसन्स बघू."

सुचित्राबाईंनी पर्समधून कार्ड काढून दिलं. तिने दोन्ही बाजू पाहून परत केलं. "ठीक आहे. घरी जाऊन करा हे असलं. आणि काका, नीट बसा."

गाडी पुढे निघाली. मग जयप्रकाशराव म्हणाले, "इतकं जुनं लायसन्स चाललं कसं?"

"मागच्या वर्षी रिन्यू केलं. क्षिप्राने फॉर्म भरून दिला."

"मला नाही बोललीस."

"बोलले होते. तुम्ही 'हं' म्हणालात."

त्यांना आठवेना. पण त्यांनी 'हं' म्हटलं असणार, यात शंका नव्हती. जी गाडी आपल्याला मिळणार नाही तिचं लायसन्स बाईने रिन्यू का करावं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तिथेच घोटाळत राहिला.

आता सुचित्राबाईंचे खांदे सैल झाले होते. गियर न खरखरता पडत होता. वाशीकडून पामबीच रस्त्याला लागल्यावर त्यांनी काच खाली केली आणि खाडीचा वारा आत आला. त्या स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. जयप्रकाशरावांनी ते गुणगुणणं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. घरात टीव्ही चालू असे.

त्यांनी हळूच डोकं काढून पाहिलं. कापड पडलं नाही. मग एक तळवा सोडला. नाही पडलं. दुसरा बोटभर खाली घेतला. छत घट्ट बसलं होतं, एक सुरकुती सोडली तर अगदी नव्यासारखं. दंड भरून आले होते, गुडघे ठणकत होते. त्यांनी पुढे सुचित्राबाईंच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात पुन्हा वर नेऊन छताला लावले.

"अजून ओलंच आहे वाटतं," ते म्हणाले.

"हो का?"

"हो. चालव अजून थोडी."

नेरूळ मागे पडलं. सुचित्राबाईंनी आरसा जरासा तिरका केला. आता त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं.

"हात घ्या खाली," त्या म्हणाल्या. "वाशीलाच सुकलंय ते."

जयप्रकाशरावांनी मुकाट्याने हात खाली घेतले. आता ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी शाळेतल्यासारखे मांडीवर ठेवले. जरा वेळाने घसा खाकरून त्यांनी विचारलं, "पुढे येऊन बसू का? म्हणजे... शेजारी?"

"या ना. सिग्नलला थांबले की या."

पुढचा सिग्नल लाल होता. त्या जवळ पोचेपर्यंत तो हिरवा झाला, आणि सुचित्राबाईंनी चौथा गियर टाकला.